लग्नाची तारीख, ऋतूतली फुलं आणि रंग : आधी काय ठरवायचं?

फुलोरा

लग्नसराईची बोलणी सुरू झाली की माझा फोन वाजायला लागतो, आणि जवळजवळ प्रत्येक जण आधी रंगच सांगतो. "आम्हाला सगळं पीच आणि पांढरं हवंय." "लव्हेंडर थीम आहे." "पेस्टल, पण भपकेबाज नको." सोबत मोबाइलवर आलेले फोटो. ते बहुतेक थंड देशांतल्या उन्हाळ्याचे असतात आणि आपलं लग्न असतं वैशाखात, दुपारी बाराच्या मुहूर्तावर, पत्र्याच्या मांडवात.

मी पुण्यात लग्नाच्या फुलांचं काम करते. माझं म्हणणं एवढंच, की तारीख ठरली की आधी त्या महिन्यात बाजारात काय येतं ते बघावं आणि रंग त्यातून निवडावा. उलट्या क्रमाने गेलं की पैसे जास्त जातात, फुलं मांडवात माना टाकतात, आणि शेवटी हवा तो रंग आणायला स्प्रे मारलेली फुलं घ्यावी लागतात.

माझ्या अनुभवातलं लिहिते. बाकीच्यांनी आपापल्या भागाची भर घाला.

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त निघतात. तिथून मार्गशीर्ष संपेपर्यंत शेवंतीचं राज्य. या दिवसांतली शेवंती घट्ट असते, पाकळी तुकतुकीत, ओवलेला हार दुसऱ्या दिवशीही बघवतो. पांढरी, पिवळी, किरमिजी, तांबूस अशा सगळ्या छटा मिळतात. सोबत अस्टर असतो. आपल्या गणेशखिंडच्या संशोधन केंद्राने काढलेले 'फुले गणेश' वाण पांढऱ्या, गुलाबी, जांभळ्या रंगांत आहेत आणि जांभळ्यासाठी मला अस्टरइतकं भरवशाचं दुसरं फूल माहीत नाही. झेंडूची दसरा-दिवाळीची झुंबड ओसरलेली असते, त्यामुळे तोरणांना आणि मांडवाच्या खांबांना तो सढळ हाताने वापरता येतो. फक्त मार्गशीर्षातल्या गुरुवारांवर लक्ष ठेवा. महालक्ष्मीच्या व्रतासाठी बुधवारीच बाजार चढतो. लग्न गुरुवारी असेल तर सुट्ट्या फुलांचं आधी बोलून ठेवा.

माघ-फाल्गुनात गुलाब. रात्री थंड असतात, कळी मोठी भरते, रंग गडद येतो. मात्र तळेगाव-मावळातल्या हरितगृहांचा सगळा डोळा १४ फेब्रुवारीवर असतो. शेतकरी दीड-दोन महिने आधी छाटणी धरून तो बहर बरोबर त्या आठवड्यात आणतात आणि चांगला माल परदेशी जातो. त्या आठवड्यात लग्न असेल तर लाल गुलाबाचा हट्ट सोडा. ग्लॅडिओलस घ्या, कार्नेशन घ्या. दोन्हीला थंडी मानवते.

चैत्र-वैशाख-ज्येष्ठ हा माझा आवडता काळ, आणि लोकांना वाटतं तेव्हा फुलंच नसतात! मोगरा असतो. याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथेच सगळ्यात जास्त गफलत होते.

मोगऱ्याची कळी पहाटे खुडतात. टपोरी, पांढरीशुभ्र, पण मिटलेली. ती उमलते त्याच दिवशी संध्याकाळी. म्हणजे सकाळच्या मुहूर्ताला नवरीच्या केसांत माळाल तो कळ्यांचाच गजरा असणार. दिसायला मोत्यांसारखा, वास मंद. गोरज मुहूर्त असेल तर तोच गजरा केसांतच अर्धा उमलतो आणि शेजारी बसलेल्यालासुद्धा घमघमाट येतो. रात्रीच्या रिसेप्शनला तो पुरा उमललेला असतो, पाकळ्यांच्या कडा तांबूस व्हायला लागतात. म्हणून सकाळी मुहूर्त आणि रात्री रिसेप्शन असेल तर दोन वेगळे गजरे सांगा. दुसऱ्याच्या कळ्या केळीच्या पानात गुंडाळून, वरून ओलं फडकं लावून गार जागी ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेल्या कळ्या घामेजतात आणि दुपारपर्यंत पिवळ्या पडतात.

उन्हाळ्यातला रंग म्हणून मी पांढरा-हिरवा धरते आणि त्यात एकच ठसठशीत रंग टाकते. मोगरा, दुहेरी निशिगंध, कामिनीची पानं, मरवा, आणि एखादाच झेंडूचा केशरी पट्टा. डोळ्यांना थंडावा वाटतो आणि मुंडावळ्या, पिवळी साडी, हिरवा चुडा हे सगळं त्यावर उठून दिसतं. आपल्या नवरीच्या अंगावर आधीच इतके रंग असतात, की फुलांनी त्यांच्याशी भांडू नये असं मला मनापासून वाटतं.

---

मार्गशीर्षातली

ताई, धागा वाचनखुणेत ठेवला. पण एक शंका, आणि थोडं भांडणही. माझं लग्न मार्गशीर्षात आहे आणि मला लव्हेंडरच हवाय. लहानपणापासून आवडता रंग आहे. लग्न एकदाच होतं. महिन्यात जे येईल तेच घ्यायचं असेल तर आमची आवड कुठे राहिली? ऑर्किड मागवता येतात, डेकोरेटर निळे गुलाबसुद्धा दाखवतोय. बजेट थोडं वाढवायची आई-बाबांची तयारी आहे.

---

फुलोरा

अगं, तुझी आवड सोडायचीच नाहीये! तुझ्या महिन्यात तर लव्हेंडर चांगलाच जमतो. फिकट जांभळा अस्टर, स्टॅटिस, आणि मधे पांढरी शेवंती. हाच रंग वैशाखात मागितला असतास तर मी नाही म्हटलं असतं, कारण तेव्हा तो उन्हात पांढुरका दिसतो आणि अस्टरही तितका चांगला येत नाही.

निळ्या गुलाबाबद्दल मात्र स्पष्ट सांगते. गुलाबाच्या झाडात निळा रंगकण तयार करायची सोयच नाही. जपानमध्ये जनुकं बदलून केलेला गुलाब २००९ मध्ये विक्रीला आला, तोही खरं तर फिकट जांभळाच आहे. तुला दाखवताहेत तो पांढऱ्या गुलाबाला रंगाचं पाणी पाजलेला किंवा वरून फवारलेला असणार. निळ्या ऑर्किडचंही तेच. हाराला असली फुलं नकोच. पाण्याचा शिडकावा झाला, मानेला घाम आला की रंग सुटतो आणि शालूच्या काठावर उतरतो. रेशमावरचा तो डाग निघत नाही. कमानीला, हात पोचणार नाही अशा उंचीवर लावलीस तर माझी तक्रार नाही.

जांभळी डेंड्रोबियम ऑर्किड चालतील. बहुतेक थायलंडहून येतात आणि चांगली टिकतात. फक्त हॉलवाल्याने ती गुलाबांबरोबर शीतपेटीत कोंबू नयेत. गुलाबाला २ ते ४ अंश मानवतं. ऑर्किड आणि अँथुरियम ही उष्ण हवेतली फुलं, १० अंशांच्या खाली ती काळवंडतात.

---

रंगरेषा

मी लग्नांचे फोटो काढतो, म्हणून रंगाविषयी दोन गोष्टी सांगतो.

पहिली : हॉलचे दिवे. हल्ली स्टेजवर गुलाबी-जांभळे एलईडी टाकायची पद्धत आहे. त्या उजेडात हिरवी पानं काळी दिसतात, पिवळी शेवंती विटकरी दिसते, आणि लव्हेंडर अस्टर तर दिसतच नाही. फूल आणि उजेड एकाच रंगाचे झाले की फुलाचा आकार हरवतो. @मार्गशीर्षातली, तुम्ही लव्हेंडर घेणार असाल तर स्टेजला साधा पांढरा उजेड मागा. पिवळट बल्बही नको, त्यात जांभळा मळकट दिसतो. डेकोरेटरला सांगून कार्याच्या आदल्या संध्याकाळी दोन-चार फुलं त्याच दिव्याखाली धरून बघा.

दुसरी : शेजारचा रंग. पॅरिसच्या गोबलँ इथल्या विणकामाच्या कारखान्यात रंगाई बघणारे शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे तक्रार आली, की काळा धागा फिका दिसतो. त्यांनी तपासलं तर रंगात खोट नव्हती, काळ्याच्या शेजारी जे रंग विणले होते त्यांच्यामुळे तो तसा दिसत होता. १८३९ मध्ये त्यांनी यावर मोठा ग्रंथ लिहिला. लग्नात हे रोज दिसतं. पिवळ्या साडीवर पिवळ्या शेवंतीचा हार घातला की दोन्ही मंद होतात. त्याच साडीवर जांभळा अस्टर घातला की साडी उजळते. लाल-हिरव्या पैठणीवर गर्द लाल गुलाबाचा हार फोटोत काळा ठिपका दिसतो. तिथे पांढरा निशिगंध आणि मधे एखादा गुलाबी गोंडा पुरे.

संध्याकाळच्या लग्नांना गर्द लाल टाळाच. उजेड कमी झाला की आपल्या डोळ्यांनाही लाल आधी काळवंडलेला दिसतो. पांढरा आणि लिंबू रंग शेवटपर्यंत दिसत राहतात.

---

बांधावरून

पुरंदरहून लिहितोय. आमची शेवंती आणि अस्टर असतो. फुलोराताईंनी शेवंती घट्ट असते म्हटलं, त्याचं कारण सांगतो.

शेवंतीला कळी धरायला लांब रात्र लागते. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकरावर येतो. एप्रिल ते जूनमध्ये लावलेलं रोप पावसाळाभर नुसतं वाढतं. आम्ही शेंडे खुडतो म्हणजे फुटवे जास्त येतात. दिवस आखडायला लागला की झाड कळीवर येतं. रात्री शेतात दिवे लावलेले तुम्ही हायवेवरून जाताना पाहिले असतील. रात्र मोडून फूल लांबवण्यासाठी ते असतात. पुढच्या मुहूर्तांना माल मिळावा म्हणून.

म्हणजे शेवंती बाराही महिने मिळते, पण खरा हंगाम कार्तिक-मार्गशीर्षच. तेव्हा झाडाला काही करावं लागत नाही, फूल वजनदार येतं, रंगही भरतो.

आमची अडचण अवकाळीची. तोडणीच्या दिवशी पाऊस आला की फुलात पाणी बसतं, पाकळीवर डाग पडतात, आणि भिजलेल्या मालाला बाजारात निम्मासुद्धा भाव मिळत नाही. तुम्ही मंडळी हारासाठी फूल घेताना देठाकडची बाजू दाबून बघा. ओलसर लागलं तर तो हार दुपारनंतर कुजका वास मारेल. तोरणाला चालेल, गळ्यात नको.

आणि एक कळकळीची गोष्ट. गेल्या काही वर्षांत हॉलमध्ये प्लॅस्टिकची फुलं फार वाढलीत. तीच ती प्लॅस्टिकची भिंत पन्नास लग्नांना वापरतात. आमच्या गावात शेवंती काढून दुसरं पीक घेणारे झालेत. तुमच्या डेकोरेटरला एवढंच विचारा, "खरी फुलं किती आणि खोटी किती?" करारात लिहून घ्या. विचारणारे वाढले तर तो खरी आणेल.

---

सुईदोरा

अगदी अगदी! माझ्या भाचीच्या लग्नात 'फुलांची सजावट' असे पैसे घेतले आणि मांडवाच्या मागची बाजू सगळी कापडी गुलाबांची होती. वऱ्हाडी मंडळी हात लावून बघत होती.

बांधावरून, तुम्हाला एक विचारते. थंडीत गजऱ्याला काय वापरावं? मोगरा डिसेंबरात फार महाग पडतो आणि कळी बारीक येते.

---

बांधावरून

कागडा वापरा. थंडीत तोच बाजारात असतो. दिसायला मोगऱ्याच्या जवळ, कळी लांबट. वास जवळजवळ नाही म्हणून लोक नाक मुरडतात, पण गजरा टिकतो. वासासाठी मधे मधे मरवा गुंफा.

---

वसईची

आमच्याकडे हातातल्या बुकेचा विषय असतो म्हणून लिहिते. वसईतल्या ख्रिस्ती लग्नांत नवरी बुके घेऊनच वेदीपर्यंत जाते, आणि आमची लग्नंही ऋतूनेच बांधलेली आहेत. आगमनकाळात (नाताळच्या आधीचे आठवडे) आणि प्रायश्चित्तकाळात (राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे उपवासाचे दिवस) आम्ही लग्नं लावत नाही. म्हणजे नाताळ झाल्यावर राखेच्या बुधवारपर्यंत एक हंगाम, आणि ईस्टर झाल्यावर पाऊस पडेपर्यंत दुसरा.

पहिल्या हंगामात बुके करणं सोपं. गुलाब, कार्नेशन, जिप्सोफिला, सगळं ताजं. दुसऱ्या हंगामात मे महिन्याची दुपार, चर्चमध्ये पंखे, आणि नवरीच्या हातात तासभर धरलेला गुच्छ. हाताची ऊब देठांना लागते, पाणी नाही, आणि बाहेरून आणलेले ट्युलिप किंवा हायड्रेंजिया फोटो संपायच्या आत मलूल होतात. हायड्रेंजिया तर पाण्याशिवाय एक तासही धड राहत नाही. तरी बायका तेच मागतात, कारण फोटोत तेच असतं.

आमच्याकडे मोगरा घराघरात, सोनचाफा बांधाबांधावर. पूर्वीपासून ही फुलं पहाटेच्या लोकलने टोपल्या भरून दादरला जातात. मग बुके त्यांचा का करू नये? मी अलीकडे करते तो असा :

मोगऱ्याला देठच नसतो, त्यामुळे तो गुच्छात नुसता खोचता येत नाही. कळ्या बारीक तारेवर ओवून त्यांच्या काड्या करायच्या, साधारण बोटभर लांबीच्या. मधे तीन-चार दुहेरी निशिगंधाच्या दांड्या, त्यांची वरची न उमललेली टोकं खुडलेली. भोवती मोगऱ्याच्या काड्या. कडेला शतावरीची पिसासारखी पानं आणि तुळशीचे तुरे. देठ एकत्र करून कापसाच्या ओल्या पट्टीने बांधायचे, वर पातळ प्लॅस्टिक, त्यावर साटिनची फीत. ओली पट्टी दिसत नाही आणि हाताची ऊबही लागत नाही. फीत गुंडाळायच्या आधी देठ चांगले पुसा, नाहीतर पांढऱ्या गाऊनवर हिरवा डाग पडतो.

सोनचाफा मी बुकेत घालत नाही. पाकळीला बोट लागलं तरी तिथे तपकिरी डाग उमटतो. तो टेबलावर काचेच्या बाटलीत पाणी भरून ठेवायचा. केक कापायच्या टेबलावर अशा बाटल्या मांडल्या की सगळा हॉल दरवळतो.

रंग म्हणाल तर पांढरा, हिरवा, आणि सोनचाफ्याचा पिवळा. पास्काकाळात, म्हणजे ईस्टरनंतरच्या आठवड्यांत, वेदीवरही पांढरंच असतं, त्यामुळे चर्चचं आणि नवरीचं एकमेकांशी जुळतं.

---

फुलोरा

@वसईची, ओली पट्टी आणि वर प्लॅस्टिक ही युक्ती मी उद्यापासून वापरणार! सुईदोरा, तुम्हीही बघा, करवल्यांच्या छोट्या गुच्छांना उपयोगी पडेल.

निशिगंधाची टोकं खुडण्याबद्दल आणखी एक : खालची फुलं उमलून मावळतात तेव्हा वरची उमलत असतात. टोक खुडलं की दांडीतलं पाणी खालच्या फुलांना पुरतं. एकेरी निशिगंध, म्हणजे बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचा 'शृंगार' किंवा 'प्रज्वल', हारांसाठी सुटा विकतात. दांडीसाठी 'सुवासिनी' किंवा 'वैभव' असे दुहेरी वाण मागा. थंडीत निशिगंध कमी येतो आणि भाव वाढतो, हे जानेवारीच्या लग्नवाल्यांनी लक्षात ठेवा.

---

तळकोकण

अबोलीशिवाय हा धागा कसा पुरा होणार? आमच्याकडे आणि गोव्यात नवरीच्या केसांत अबोलीच. वास अजिबात नाही, तरी तिच्यासारखा रंग दुसऱ्या फुलाला नाही. केशरीही नाही, गुलाबीही नाही. सोन्याच्या दागिन्यांशेजारी ती फार खुलते. वजनाला हलकी, त्यामुळे अंबाड्याभोवती कितीही वेढे घ्या, मान भरत नाही. गोव्यात अबोलीची फाती, म्हणजे गुंफलेली माळ, विकत मिळते. केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात गुंफतात, तो दोरा ओला करून ठेवला की फुलांनाही गारवा राहतो.

आणि फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये लग्न असेल तर सुरंगी. वेंगुर्ल्याकडे सुरंगीची जुनी झाडं आहेत. फांदीला चिकटून कळ्या येतात, त्या उमलायच्या आत सकाळीच काढाव्या लागतात. त्यांचे वळेसार, म्हणजे गजरे, करतात. वास असा की वळेसार सुकला तरी कपाटात महिनोन्महिने राहतो. रंग पांढरा, मधे पिवळा केसर. पुण्या-मुंबईच्या डेकोरेटरला सुरंगी सांगितली तर 'ते काय असतं' विचारतो. गाववाल्या बायकांना आठ-दहा दिवस आधी सांगून ठेवा, एसटीने किंवा रेल्वेने टोपली येते.

अबोली आणि मोगरा एकत्र गुंफलेला गजरा, हिरवी साडी. याहून जास्त काही लागत नाही असं माझं मत.

---

हडसनकाठ

न्यू जर्सीहून. आमच्याकडे ऋतूचा हिशोब उलटा, पण फुलोराताईंचा मुद्दा इथेही तंतोतंत लागू पडतो.

इथली मराठी लग्नं मे अखेर ते ऑक्टोबरच्या दरम्यान होतात. मे अखेर ते जूनचा पूर्वार्ध पिअनीचा. वाटीएवढं भरगच्च फूल, फिकट गुलाबी ते गडद राणी. तिला कडक हिवाळा लागतो म्हणून ती आपल्याकडे होत नाही. इथे त्या तीन-चार आठवड्यांत ती सगळीकडे असते आणि नंतर नाहीशी होते. माझ्या मुलीचं लग्न जूनमध्ये होतं. आम्ही वरमाला गुलाबी पिअनीच्या पाकळ्या आणि पांढऱ्या कार्नेशनच्या केल्या, राणी रंगाच्या पैठणीला ते सुरेख दिसलं. पिअनी कळीतच घ्यायची, दाबल्यावर मऊ लागेल अशी. घट्ट कळी उमलतच नाही.

ऑगस्टपासून डेलिया. पहिलं कडक हिम पडेपर्यंत चालतात. सप्टेंबरच्या लग्नांना तेच आणि घरच्या बागेतला झेंडू. आमच्या ओळखीत दोन घरांनी लग्न ठरताच अंगणात झेंडूच लावला आणि सगळी तोरणं त्यातून झाली.

मोगरा मदुराईहून विमानाने येतो. मदुराई मल्लीला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. इथल्या भारतीय दुकानात आधी नोंदवावा लागतो. फार महाग, म्हणून फक्त नवरीच्या केसांपुरता घेतो. वासाला मात्र पर्याय नाही. गजरा डब्यातून काढला तेव्हा माझ्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

---

सुईदोरा

एक घरगुती शंका. आमच्याकडे आदल्या दिवशी फुलं आली की ती कोठीच्या खोलीत ठेवतात, तीच एक गार जागा. तिथेच केळीचे घड आणि आंब्याच्या पेट्या. सकाळी कार्नेशन मिटलेली आणि ऑर्किडची फुलं गळून पडलेली. डेकोरेटर म्हणतो माल ताजाच होता.

---

फुलोरा

माल ताजा असू शकतो. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि कार्नेशन, ऑर्किड यांना तो अजिबात सोसत नाही. कार्नेशनच्या पाकळ्या आत वळून मिटतात, 'झोपली' असं आम्ही म्हणतो, आणि मग ती पुन्हा उघडत नाहीत. वैशाखातल्या लग्नघरात आंबे आणि फुलं एका खोलीत नकोतच. फुलांना वेगळी खोली नसेल तर मोरीत बादल्या ठेवा आणि खिडकी उघडी ठेवा.

बाकी तयारी सगळ्यांना माहीत असेल, तरी सांगते : देठ धारदार सुरीने तिरके कापा, पाण्यात बुडणारी पानं काढा, बादली घासून घ्या. कात्रीने देठ चिरडतो.

---

रंगरेषा

फुलोराताई, त्या हिरव्या स्पंजबद्दल तुमचं काय मत? कार्य झालं की हॉलच्या मागे त्याचे ढीग पडलेले दिसतात.

---

फुलोरा

फ्लोरल फोम. १९५४ मध्ये अमेरिकेत निघाला. पाणी धरून ठेवतो, फूल हवं तसं खोचता येतं, म्हणून सगळे वापरतात. पण तो प्लॅस्टिकच आहे, मातीत मिसळत नाही, चुरा होऊन गटारात जातो. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने आपल्या प्रदर्शनांत २०२१ पासून तो बंद केला.

आमच्या धंद्यात त्याला जुना पर्याय होता, केळीचा गाभा. पूर्वी सगळे त्यातच फुलं खोचायचे. दिवसभर ओला राहतो, दुसऱ्या दिवशी गुरांपुढे टाकता येतो. निशिगंध, ग्लॅडिओलस, शेवंतीच्या काड्या त्यात व्यवस्थित बसतात. जरबेऱ्याचा देठ पोकळ आणि मऊ, त्याला आधी खिळ्याने भोक पाडून घ्यावं लागतं. मोठ्या कमानीला मी कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी दुमडून वापरते आणि आत पाण्याच्या नळ्या. वेळ जास्त लागतो, मजुरी थोडी वाढते. मी ग्राहकांना तसं आधी सांगते, बहुतेक तयार होतात.

---

मार्गशीर्षातली

सगळं वाचलं, आईलाही वाचून दाखवलं. आता असं ठरवतोय : गौरीहराला पिवळी साडी, त्यावर जांभळ्या अस्टरचा हार. शालू मोतिया रंगाचा आहे, त्याला फिकट लव्हेंडर अस्टर आणि पांढरी शेवंती. निळे गुलाब रद्द. केसांत अबोली, कारण आजोळ सावंतवाडीचं आहे आणि आजीने हा धागा ऐकल्यावर दुसरं काही लावू देणार नाही! स्टेजला पांढरा उजेड.

दोन प्रश्न राहिले. मुहूर्त नेमका गुरुवारचा आहे. आणि लव्हेंडर अस्टर नक्की मिळेल का, की आयत्या वेळी गडद जांभळा गळ्यात मारतील?

---

फुलोरा

गुरुवार असेल तर शेवंती मंगळवारीच घेऊन टाक. बुधवारचा भाव टळेल आणि शेवंतीला दोन दिवसांनी काही होत नाही. अस्टर आणि अबोली बुधवारी. अस्टर गड्डीने मिळतो, एकाच गड्डीत दोन-तीन छटा येतात, तेव्हा लागतो त्यापेक्षा थोडा जास्त घे आणि निवडून वापर. गडद फुलं तोरणात झेंडूबरोबर लाव, वाया जाणार नाहीत.

---

बांधावरून

फिकट छटा हवी असेल तर बाजारात शोधू नका, शेतकऱ्याशी आधी बोला. रोपं लावतानाच वाण ठरतो, फूल यायला साडेतीन-चार महिने लागतात. तुमची तारीख व्यक्तिगत निरोपात पाठवा. आमच्याकडे या खेपेला फिकट जांभळ्याच्या दोन सऱ्या आहेत. आमच्यातलं नाही जमलं तर शेजारच्या वाडीत विचारून सांगतो.